पोलादी कपाटातले ग्रंथालय

केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' हा संगणक प्रथम चालला. काही आठवड्यांतच त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना उमगले, की आपल्या आयुष्याचा बराच काळ स्वतःच्याच आज्ञावलींतल्या चुका शोधण्यात जाणार. अवघ्या १२६ ओळींच्या एका आज्ञावलीत सुमारे वीस चुका निघाल्या होत्या!

त्यावरचा उपाय ग्रंथपालाला शोभेल असा होता. वर्गमूळ, साइन, छपाई अशा नित्याच्या कामांच्या छोट्या उपआज्ञावली एकदाच लिहून, तपासून, छिद्रित कागदी फितींवर पोलादी कपाटात ठेवायच्या. पण काम संपल्यावर उपआज्ञावलीने परतायचे कुठे? डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने तोड काढली: निघताना 'कुठून आलो' ही खूण सोबत न्यायची आणि तीवरून उपआज्ञावलीने स्वतःचा शेवटचा आदेश स्वतःच घडवायचा.

१९५१ साली विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी आज्ञावलीलेखनावर पुस्तक काढले. त्यात निवडक उपआज्ञावली आदेशागणिक छापलेल्या आहेत. यंत्राच्या इतिहासात या कपाटाला एखादीच ओळ मिळते. मला मात्र खरी शाळा तीच वाटते. तिथे तयार फीत नुसती वापरता येत होती, आणि आपण उताऱ्याचे करतो तसे तिचे शब्दशः वाचनही करता येत होते.