सोन्याला धरणारा गंधक

दाताचा ब्रिज चिकटवण्याआधी धातूच्या आतल्या बाजूवर बारीक वाळूचा मारा करतात, मग ब्रशने पातळ प्रायमर लावतात. तो बघता बघता वाळतो. त्यावर बोट लागू द्यायचं नाही, थुंकी तर नाहीच. लगेच रेझिन सिमेंट भरायचं. या प्रायमरचं कूळ शोधत गेलो आणि पोचलो थेट मोटारीच्या टायरपाशी.

ब्रिजचा धातू निकेल-क्रोमियमचा असेल तर गोष्ट सरळ आहे. १९८२ साली मेरीलँड विद्यापीठात लिव्हाडिटिस आणि थॉम्प्सन यांनी रेझिनला पकड मिळावी म्हणून विजेच्या मदतीने त्यावर सूक्ष्म खळगे पाडले. पाठोपाठ जपानच्या कुरारेचं पॅनाविया आलं. त्यातला एमडीपी हा फॉस्फेट रेणू धातूवरच्या ऑक्साइडला धरतो. सोन्यावर ऑक्साइडचा थर जेमतेम, मग धरायचं कशाला? काहींनी सोन्यावर चक्क कथलाचा मुलामा दिला, कारण कथलावर ऑक्साइड येतं.

खरा तोडगा निघाला १९८७ साली. कोजिमा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी व्हीबीएटीडीटी हा रेणू घडवला. त्याच्या ट्रायझीन वलयावरचा गंधक सोन्याला धरतो आणि शेपटाकडचा व्हिनाइल गट रेझिनमध्ये गुंफला जातो.

ही कल्पना आली कुठून? १९८३ साली नझो आणि अलारा या संशोधकांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर आपोआप शिस्तीत बसतात हे दाखवलं होतं. काळ जुळतो, म्हणून श्रेय त्यांना द्यायचा मोह होतो. मला ते पटत नाही. त्यांच्या रेणूंत ट्रायझीन नव्हतं. ट्रायझीन आणि गंधक ही जोडी रबरवाल्यांची. इवाते विद्यापीठात कुनिओ मोरी याच कुळातल्या रेणूंनी रबर आणि धातू जोडत होते. रबर-धातूच्या अशा जोडाचं ओळखीचं उदाहरण म्हणजे टायर: त्यातल्या पोलादी तारेवर पितळ चढवलेलं असतं. रबर पक्कं करताना रबरातला गंधक पितळेतल्या तांब्याशी सल्फाइडचा थर बनवतो आणि रबर तारेला घट्ट बसतं. दंतवैद्यकाने रबरवाल्यांच्या ट्रायझीन वलयाला व्हिनाइलचं शेपूट लावलं, असा माझा ठाम कयास आहे. रेणूची ठेवणच तशी साक्ष देते.

गंधक या धंद्यात नवखाही नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या कवळ्यांचा पाया गंधकाने कडक केलेल्या रबराचाच असे. १९३०च्या दशकात आलेल्या ॲक्रिलिकने तो हटवला.

धातूगणिक पकड बदलते, म्हणून प्रायमर निवडताना आधी मिश्रधातू विचारावा: निकेल-क्रोमियमला फॉस्फेट, सोन्याला गंधक. दोन्ही रेणू एकाच बाटलीत देणारे प्रायमरही आज मिळतात.