वैनगंगेचे न काढलेले छायाचित्र

आपल्या जुन्या घरांतील छायाचित्रांचे संग्रह उघडले, की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. फेटा बांधलेले आजोबा खुर्चीवर बसलेले असतात, नऊवारीतील आजी शेजारी उभ्या असतात आणि त्यांच्या मागे स्टुडिओच्या पडद्यावर एक सरोवर रंगवलेले असते. खरी वैनगंगा तेथून जवळच वाहत असे. तिचे चित्र मात्र संग्रहात सापडत नाही.

याचे कारण केवळ अनास्था होते, असे आम्ही म्हणणार नाही. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण झाला, तेव्हा काचेवर ओला लेप चढवून तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे. त्यासाठी अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. त्या काचेला निळा प्रकाश फार जाणवे, हिरवा अगदी थोडा. म्हणून आकाश कोरे आणि काठचे रान काळेभोर उमटे. वाहते पाणी धुरासारखे दिसे.

वस्तुतः या मुलखातील प्रकाशाची शोभा पाण्यामुळेच आहे. वैनगंगा सिवनीकडून येऊन सखल प्रदेशातून दक्षिणेस जाते. बालाघाट शहर तिच्या पूर्वेला, वारासिवनी पश्चिमेला. त्यामुळे बालाघाटकरांच्या वाट्याला नदीवरचा सूर्यास्त आला आणि पैलतीरी राहणाऱ्यांच्या वाट्याला सूर्योदय. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या, की त्यांत आभाळ उतरते. बैहरच्या पठारावरील बंजर आणि हालोन मात्र उत्तरेकडे नर्मदेला मिळतात. एकाच जिल्ह्याचे पाणी असे दोन समुद्रांना जाते.

ही नदी जगाला ठाऊक झाली ती रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मुळे. आणि त्याने तर सिवनीचे रान कधी पाहिलेही नव्हते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या तिच्यात स्नान केले, त्या आपल्या घराण्यांनी तिचे चित्र ठेवले नाही. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. आपली सोयरीक सीमेपलीकडे गेली. नदीही तिकडेच वाहत राहिली.

पुढे सिवनी जिल्ह्यात भीमगड येथे धरण झाले आणि नदीच्या प्रवाहावर माणसाचा ताबा आला. त्यापूर्वी उन्हाळ्यात पात्र किती रुंद असे, डोह कोठे होते, हे आज वृद्धांच्या आठवणींवरून ठरवावे लागते; आणि आमच्यातच दोघांचे एकमत होत नाही. वाद मिटवील असे एकही छायाचित्र आमच्यापाशी नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रे उदंड निघतात, पण त्यांवर स्थळ नसते, तिथी नसते. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. एकच घाट, एकच पायरी निवडावी. चैत्रात, आषाढात आणि कार्तिकात तेथूनच चित्र घ्यावे, छापून घ्यावे आणि मागे गाव, घाट व दिनांक लिहावा. तसेच घरातील जुन्या चित्रांत चुकून कोठे खरे पाणी आले असेल, तर ते वडीलधाऱ्यांना आजच दाखवावे. तो घाट ओळखणारे डोळे आता थोडेच उरले आहेत.