स्वगतालाही श्रोता लागतो

लहान मूल खेळताना एकटेच बडबडते. जाँ पियाजे यांनी १९२३ मध्ये त्याला आत्मकेंद्रित बोलणे म्हटले. वयाबरोबर ते विरते, असे त्यांचे मत. सोव्हिएत रशियातले लेव्ह विगोत्स्की म्हणाले, ते विरत नाही. आत जाऊन विचार बनते. त्यांनी अशा मुलांना कर्णबधिर किंवा परभाषक मुलांत बसवून पाहिले. बडबड एकदम घटली! आपले कुणाला तरी कळते आहे, हा भास स्वगतालाही लागतो. १९३४ मध्ये विगोत्स्की गेले. त्यांचे हे पुस्तक त्याच वर्षी निघाले.

आज समाजमाध्यमावर कुणालाच उद्देशून नसलेले वाक्य लिहून माणूस पुन्हा पुन्हा फोन बघतो. मंडळी, त्याला हसू नये. कुणीतरी ऐकावे, एवढेच त्याचे मागणे असते.