चंची, गुडाखू आणि चिरुटाची पेटी

चिरुटाच्या शौकिनांच्या दिवाणखान्यांत एक लांकडी पेटी असते. इंग्रजींत तिला ह्युमिडॉर म्हणतात. आंतील हवेची आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या दरम्यान राखणें, एवढेंच तिचें काम. हवा याहून कोरडी झाली तर चिरुटाचें वरचें पान तडकतें व धूर तिखट लागतो. फार ओली झाली तर चिरूट धड जळत नाहीं आणि त्यावर बुरशी चढते. आमच्या मराठवाड्यांत वैशाखांतल्या दुपारीं आर्द्रता पंचविसाच्याहि खालीं उतरते आणि श्रावणांतल्या सकाळीं ती ऐंशीच्या वर जाते. अशा मुलुखांत तंबाखूनें आज चारशें वर्षें वस्ती केली आहे. तिचा ओलावा येथील माणसांनीं कसा सांभाळला, हें आज सांगावयाचें आहे. मी स्वतः तंबाखूस शिवत नाहीं आणि तिची शिफारसहि करीत नाहीं. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें नाक मुरडून भागत नाहीं.

पोर्तुगीजांबरोबर आलेली तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरास चांगली रुळली होती. अकबर बादशहाचा पुत्र दानियाल याच्यासाठीं इब्राहिम आदिलशहाची कन्या मागितली होती. त्या कामगिरीवर असद बेग नांवाचा सरदार विजापुरास गेला. हा विवाह १६०४ सालीं गोदाकाठीं आपल्या पैठणास झाला. वधूबरोबर इतिहासकार फिरिश्ता होता. मलिक अंबरानें खडकी वसविली ती १६१० सालीं. म्हणजे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचें औरंगाबाद, हें शहर त्या वेळीं जन्मालाहि आलें नव्हतें.

असद बेगानें विजापुरास तंबाखू प्रथमच पाहिली. त्यानें ती विकत घेतली, रत्नजडित नळी तयार करविली आणि आग्र्यास बादशहापुढें ठेविली. बादशहानें एकदोन झुरके घेतले, हकिमांनीं हरकत घेतली, वाद झाला. अकबरास तिची गोडी लागली नाहीं. दरबारी मंडळींस मात्र लागली. जहांगिरानें १६१७ सालीं बंदी घातली, तिचा परिणाम काय झाला हें आपण जाणतांच!

मला यांतील एक बारीकसा तपशील फार मोलाचा वाटतो. असद बेगानें उत्तम तंबाखू भरली होती ती आदिलशहानें त्याला दिलेल्या विड्याच्या पिशवींत. आणि तिची थोरवी सांगतांना तो म्हणतो कीं, तिचें एक पान पेटलें म्हणजे बाकीचीं जळतच राहतात. ही कोरडेपणाचीच परीक्षा नव्हे काय? विड्याची पिशवी म्हणजे आपली चंची. विड्याचीं पानें ओल्या फडक्यांत, तंबाखू निराळ्या कप्प्यांत कोरडी. एकाच कमरेला ओलें आणि सुकें यांचा संसार आमच्या आजोबांनीं निमूटपणें चालविला.

हुक्क्याच्या तंबाखूला निराळी युक्ति लागली. नुसती कुटलेली तंबाखू उन्हाळ्यांत भुकटी होऊन उडते. तिच्यांत गूळ किंवा काकवी मळली म्हणजे ती हवेंतला दमटपणा धरून ठेवते आणि सावकाश जळते. तीच गुडाखू, नांवांतच गूळ आहे. बिदरी कामाचे काळेभोर, चांदीच्या वेलबुट्टीचे हुक्के आपण वस्तुसंग्रहालयांत पाहून वाहवा करतों, पण त्यांतला गुण त्या मळलेल्या गुळाचा, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

साहेबाच्या पेटीचेंहि तत्त्व हेंच. तिच्या आंतलें लांकूड आपल्या तूण वृक्षाच्या जवळच्या नात्यांतलें. तें ओलावा शोषून घेतें आणि हवा सुकली कीं परत देतें. आर्द्रतामापक खरें बोलतो कीं नाहीं हें पाहण्यास मिठाची कसोटी आहे. मिठाचा ओला लगदा बंद डब्यांत ठेवला असतां आंतील आर्द्रता शेंकडा ७५ वर स्थिर होते. शेजारीं ठेवलेला कांटा तेथें न थांबला तर दोष कांट्याचा.

आतां विडी. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर येथें ती वळणाऱ्या बहुतेक स्त्रिया. टेंभुर्णीचें पान उन्हाळ्यांत तोडून कडक वाळविलेलें असतें. तसेंच वळावयास घेतलें तर मोडतें. म्हणून तें पाण्यांत भिजवून ओल्या गोणपाटांत रात्रभर गुंडाळून ठेवतात. सकाळीं नरम झालें कीं पत्र्याच्या मापानें कातरतात. कमी भिजलें तर वळतांना चिरतें, अधिक भिजलें तर विडी ओली राहून बिघडते. बिघडलेली विडी तपासनीस छाट म्हणून बाजूला काढतो आणि तिची मजुरी बुडते. त्या बाईजवळ कांटा नाहीं, तूणाची पेटी नाहीं. बोटांच्या टोकांनीं ती पानाची ओल ओळखते, आणि त्या ओळखीवर घरची चूल पेटते.

हें काम इतकें महत्त्वाचें, कीं १९६६ सालच्या विडी व सिगार कामगारांच्या कायद्यांत पानें भिजविणें व कातरणें यांचा स्वतंत्र उल्लेख आला. मालकानें कामगारांच्या वतीनें अर्ज केल्यास तीं कामें कारखान्याच्या जागेबाहेर करूं देण्याची मुभा राज्यसरकारास दिली गेली. मात्र मजुरी मोजतात ती दर हजार विड्यांवर. भिजवण घालण्याची संध्याकाळ आणि गोणपाट उलटून पाहण्याची पहाट हीं त्या हजारांत वेगळीं मांडलेलीं नसतात.