लाटेपुढे दगड केवढा?

समुद्राच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यास केवढा दगड लागतो, हे माणसाला फार उशिरा उमगले. इंग्लंडमधील प्लिमथ येथे आरमाराच्या आसऱ्यासाठी जॉन रेनी यांच्या योजनेप्रमाणे १८१२ साली समुद्रात दगडी बांध घालण्यास प्रारंभ झाला. त्या काळी सूत्र नव्हते. दगड टाकावेत आणि समुद्र काय करतो ते पाहावे, हीच रीत. समुद्राने १८१७ मध्ये एकदा आणि नोव्हेंबर १८२४ मध्ये पुन्हा उत्तर दिले. दुसऱ्या वादळात सुमारे दोन लक्ष टन दगड आतल्या अंगास ढकलला गेला. रेनी १८२१ मध्येच निवर्तले होते. पुढे बाहेरचा उतार तीनास एकऐवजी पाचास एक करण्यात आला व १८४१ साली काम पुरे झाले.

सूत्र आले ते विसाव्या शतकात. स्पेनचे इरिबारेन यांनी १९३८ मध्ये व नंतर अमेरिकेचे हडसन यांनी दाखविले की, दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. लाट दुप्पट, तर दगड आठपट! एक मीटर लाटेस दोनशे किलोचा दगड पुरत असेल, तर दोन मीटरला सोळाशे किलोचा हवा. मोजणीच्या वहीत ब्रास पुरे भरले, तरी वरच्या थरातील सुटे दगड हलके असल्यास ते वाहून जाणारच.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बांधाच्या लहान प्रतिकृतीवर लाटा सोडून हे वजन पारखले जाते.