कापसाचे दार

गडचांदूर सिमेंटमुळे ओळखले जाते. भोवतालचा कोरपना-राजुरा पट्टा मात्र कापसाचा. या कापसाचा भाव इथे ठरत नाही, हे जुनेच. १८६१-६५च्या अमेरिकी यादवीत वर्धेपलीकडच्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलला भाव खाऊन गेला. युद्ध थांबले आणि तेजीही ओसरली.

दार बंद ठेवूनही पाहिले. १९७२पासूनच्या एकाधिकार खरेदीत कापूस राज्याबाहेर विकायला मनाई होती. सीमेपलीकडे आदिलाबादची बाजारपेठ, पण तिकडे गाडी नेली तर गुन्हा! शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली, तेव्हा त्यांचा रोख अशाच बंधनांवर होता. याच राजुऱ्याने शेतकरी संघटनेचे वामनराव चटप विधानसभेत पाठवले.

प्रत्यक्षात दार एकाच अंगाने उघडले, असे माझे मत. मार्च २०१२मध्ये केंद्राने कापसाची निर्यात एका आदेशाने रोखली होती. ऑगस्ट २०२५मध्ये मात्र ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका पहिल्या वेचणीचा हंगाम. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. पण तो सीसीआयच्या केंद्रावर, तोही ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तर. उधारी अंगावर असलेला शेतकरी कापूस वाळेपर्यंत थांबत नाही. तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर घालतो.