औंधचा सूर्यनमस्कार : रोजच्या नेमाची एका शतकाची वाटचाल

सूर्यनमस्कार हा मुळात उपासनेचा भाग. सूर्याची नावे उच्चारून साष्टांग दंडवत घालण्याचे व्रत महाराष्ट्रात अनेक घराण्यांत चालत आले होते. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. तालमींतही जोर-बैठकांच्या जोडीला नमस्कार घातले जात. मात्र लहानथोर, स्त्री-पुरुष अशा सर्वांनी रोज घरच्या घरी करायचा व्यायाम हे रूप त्याला आले ते प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सातारा भागातील औंध या छोट्या संस्थानात. या बदलामागे होते औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्या काळी सुशिक्षित मराठी समाजाला प्रकृतीची मोठी चिंता लागली होती. शाळा-कॉलेजांतून बाहेर पडणारी पिढी बैठ्या कामात गुंतली होती. कचेरीतले लेखनकाम, दिव्याखालचे वाचन आणि परीक्षांचा ताण यांनी तरुण लवकर थकत. पदवीधर अकाली का मरतात, या प्रश्नाची न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या नेत्यांनीही जाहीर चर्चा केली होती. 1896 मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेल्या प्लेगने ही धास्ती आणखी वाढवली. तालीम, मल्लखांब, कुस्ती ही साधने होतीच. पण तालमीतली मेहनत हे पेशाचे किंवा हौसेचे काम मानले जाई. दिवसभर खाली मान घालून लिहिणारा कारकून किंवा घरकामात बुडालेली गृहिणी तिकडे फिरकत नसे.

याच सुमारास युरोपातून शरीरसौष्ठवाची लाट आली. यूजेन सँडो या पहिलवानाची छायाचित्रे, पुस्तके आणि व्यायामाची उपकरणे हिंदुस्थानात पोहोचली आणि त्याचे नाव घरोघरी झाले. 1868 मध्ये जन्मलेले बाळासाहेबही त्या लाटेत होते. 1897 साली त्यांनी सँडोची उपकरणे आणून व्यायाम सुरू केला आणि सुमारे दहा वर्षे नेमाने चालवला. 1908 च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि पुढे जन्मभर त्यांनी तो नेम सोडला नाही. 1909 साली ते औंधच्या गादीवर आले. स्वतःला लाभलेली गोष्ट प्रजेलाही मिळावी, हा ध्यास त्यांनी त्यानंतर घेतला.

औंध पद्धतीच्या नमस्कारात दहा अवस्था असत. हात जोडून ताठ उभे राहायचे. मग कमरेतून वाकून, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवायचे. एक पाय मागे न्यायचा, पाठोपाठ दुसरा, की सारे शरीर एका रेषेत येते. त्यानंतर साष्टांग. कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पाय ही आठ अंगे जमिनीला लागतात. पोट मात्र टेकू द्यायचे नाही. पुढे छाती वर उचलून पाठीला मागे बाक द्यायचा, कंबर उंच करायची, एकेक पाय पुढे आणायचा आणि पुन्हा उभे राहायचे. एकदा टेकवलेले तळहात शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत, यावर भर असे. त्यामुळे लागणारी जागा आपोआप ठरून जाई. घरातला एक कोपरा पुरे.

प्रत्येक नमस्काराआधी ओंकार, ह्रां-ह्रीं-ह्रूंसारखे एक बीजाक्षर आणि सूर्याचे एक नाव उच्चारले जाई. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर ही ती बारा नावे. पहिल्या बारा नमस्कारांना एकेक, पुढच्या सहांना दोन-दोन, त्यापुढच्या तिनांना चार-चार अशी नावांची मांडणी होत जाई आणि पंचवीस नमस्कारांचे एक आवर्तन पुरे होई. मोठ्याने म्हटलेल्या बीजाक्षरांनी छाती, कंठ आणि मस्तक यांना हितकारक कंप मिळतो, असे बाळासाहेबांचे मत होते. व्यवहारात या मंत्रांचा आणखी एक उपयोग होता. नावे म्हणता म्हणता मोजणी होई आणि दोन नमस्कारांमध्ये श्वास स्थिर व्हायला वेळ मिळे.

बाळासाहेबांची खरी कर्तबगारी या व्यायामाला रोजच्या जगण्यात बसवण्याची होती. त्यांनी त्यासाठी ना आखाडा लावला, ना वस्ताद, ना खर्चाचे साधन. वेळ सकाळची, पोट रिकामे असतानाची. सुरुवात थोड्या नमस्कारांनी करायची आणि वय व ताकद पाहून संख्या हळूहळू वाढवायची. एका दिवशी अंग मोडून घेण्यापेक्षा खंड पडू न देणे महत्त्वाचे मानले जाई. जोडीला आहारातले साधे बदल होते. चहा-कॉफी टाळावी, गिरणीतल्या सडीक पांढऱ्या तांदळाऐवजी कोंड्यासह असलेला तांदूळ खावा, दूध आणि भाज्या भरपूर घ्याव्यात, असे ते आवर्जून सांगत.

संस्थानातल्या शाळांत नमस्कार आवश्यक झाले आणि मुलींनाही त्यात मुलांइतकेच स्थान मिळाले. राजघराण्यातल्या स्त्रियाही नमस्कार घालत. स्त्रियांनी व्यायाम करावा हा विचारच अनेक घरांत नवा असण्याच्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. घराबाहेर न पडता, नेहमीच्या कपड्यांत करता येणारा व्यायाम म्हणून नमस्कार त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला.

लेख, पुस्तके, व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांतून हा प्रचार संस्थानाबाहेर पसरला. वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ तेव्हा औंधलाच होते आणि त्यांच्या लेखनातूनही या व्यायामाला बळ मिळाले. महाराष्ट्रात नमस्कारांचे वेड इतके पसरले की 1933 साली प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकात त्याची मनमुराद थट्टा केली. ज्या गोष्टीवर विनोदी नाटक चालते, ती गोष्ट प्रेक्षकांच्या घराघरांत ठाऊक असावी लागते. दक्षिणेत बंगळूरचे व्यायामतज्ज्ञ के. व्ही. अय्यर यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले.

1936 साली बाळासाहेब इंग्लंडला गेले. अडुसष्टीच्या घरातल्या या राजाची तरतरी पाहून ‘न्यूज क्रॉनिकल’च्या पत्रकार लुईज मॉर्गन यांनी त्यांच्या व्यायामाविषयी लिहिले. पुढे मॉर्गन यांच्याच संपादनाने 1938 मध्ये लंडनहून बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले. दहा अवस्थांचा आरोग्यमार्ग अशा आशयाचे त्याचे नाव होते.

स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा हाच आग्रह बाळासाहेबांच्या कारभारातही दिसतो. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना त्यांनी कारखान्यासाठी माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1939 साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी आपल्या 72 गावांच्या संस्थानात राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवला आणि गावपंचायती हा त्याचा पाया ठरला.

1948 मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1951 मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. संस्थान गेले तरी व्यायाम मागे उरला. त्यांचे पुत्र आणि पुढे राजदूत झालेले अप्पासाहेब पंत यांनी 1970 मध्ये सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आता जगभरच्या अनेक योगवर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात, बहुधा बारा अवस्थांच्या रूपात, आणि मंत्रांशिवायही. महाराष्ट्रात रथसप्तमीला शाळा आणि संस्था सामुदायिक नमस्कार घालतात.

नमस्कारांनी सारे आजार बरे होतात, हा त्या काळच्या प्रचारातला दावा आज कुणी तसाच स्वीकारणार नाही. औंधचा धडा दुसराच आहे. थकलेल्या समाजाला उभारी देण्यासाठी या संस्थानाने मोठे संकल्प करायला लावले नाहीत. ठरलेली वेळ, घरातला कोपरा, मोजता येईल अशी छोटी संख्या आणि ती सावकाश वाढवण्याची मुभा एवढेच दिले. म्हणूनच राजाचा हुकूम संपल्यावरही हा नेम लोकांनी आपला म्हणून चालू ठेवला.